मार्सेयची भट्टी : फ्रेंच झिलईदार भांड्यांचा एक दुर्लक्षित दुवा

दक्षिण फ्रान्समधील जुनी झिलईदार मातीची भांडी आज घराच्या सजावटीसाठी हौसेने विकत घेतली जातात. ग्रामीण फ्रान्सची ओळख म्हणून ती मांडली जातात. परंतु तेथील झिलईकलेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा मुस्लिम जगाशी जोडलेला आहे.

9व्या शतकात, अब्बासी काळात, बसऱ्याचे कुंभार झिलईत कथील मिसळून अपारदर्शक पांढरा लेप देत असत. हे तंत्र पुढे मगरिब व अंदलुसमध्ये रुजले. 1991 साली मार्सेय शहरातील सेंत-बार्ब भागात उत्खनन झाले, तेव्हा 13व्या शतकाच्या आरंभीची कुंभारवस्ती उजेडात आली. पांढऱ्या झिलईवर तांब्याचा हिरवा आणि मँगनीजचा तपकिरी रंग असलेली भांडी तेथे घडत होती. याहून बोलका पुरावा भट्टीचा आहे. भट्टीच्या भिंतींत मातीच्या दांड्या खोवून त्यांवर भांडी रचण्याची ही पद्धत इस्लामी जगातील होय. भांडे जहाजातून येऊ शकते. भट्टी बांधण्यास मात्र जाणता हात लागतो.

तो काळ धर्मयुद्धांचा होता. इतिवृत्तांनी लढायांची वर्णने जपली. हुन्नराच्या देवाणघेवाणीची साक्ष मातीने जपली.