विजेच्या मोटारीचा जमाखर्च

पेट्रोलची गाडी सोडून विजेची गाडी घ्यावी काय, हा प्रश्न आज शहरांतील पुष्कळ घरांत चर्चिला जातो. गाडीची किंमत अधिक, पण चालविण्याचा खर्च कमी; बॅटरी किती वर्षे टिकेल याचा भरवसा नाही; लांबच्या प्रवासात वीज कोठे भरावयाची याची चिंता. हे सारे आक्षेप नवे वाटतात. परंतु त्यांचे वय सव्वाशे वर्षांचे आहे. लंडन, न्यूयॉर्क, हार्टफर्ड आणि टोकियो येथील लोकांनी हेच हिशेब एके काळी मांडले, त्यांवर भांडवल लावले. त्यांत कोणी बुडाले, तर कोणी तरले. विजेची मोटार पेट्रोलपुढे कशामुळे हरली, आणि हरूनही कोठे तग धरून राहिली, हे पाहिले म्हणजे आजच्या हिशेबातही कोणते रकाने महत्त्वाचे आहेत ते ध्यानात येते.

विजेची मोटार ही पेट्रोलच्या मोटारीची धाकटी बहीण नव्हे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची व पुनःपुन्हा वीज भरता येईल अशी बॅटरी सिद्ध केली. कामीय फोर याने १८८१ साली तीत सुधारणा केली, आणि त्याच वर्षी गुस्ताव्ह त्रुव्हे याने पॅरिसमध्ये विजेवर चालणारी तिचाकी गाडी लोकांस दाखविली. बेन्झची पेट्रोलची मोटार त्यानंतर चार-पाच वर्षांनी रस्त्यावर आली. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्झी याने पॅरिसनजीक ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारी ती पहिलीच मोटार होती, आणि ती विजेची होती.

इ. स. १९०० मध्ये अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. यात नवल नाही. त्या वेळची पेट्रोलची गाडी सुरू करावयाची म्हणजे पुढील दांडा जोराने फिरवावा लागे, आणि दांडा उलटला तर मनगट मोडण्याचे भय असे. तिला धूर होता, दुर्गंधी होती, खडखडाट होता. विजेच्या गाडीत बसून केवळ कळ सरकविली की ती निमूटपणे चालू लागे.

मग ही गाडी मागे का पडली? त्याचे उत्तर प्रथम लंडनने दिले. १८९७ च्या ऑगस्टमध्ये वॉल्टर बर्सी या तरुण व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली तेथे विजेच्या भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या. ताशी दहा-बारा मैलांच्या वेगाने त्या धावत. बॅटरी उतरली म्हणजे गाडी आगारात नेत व तेथे यंत्राच्या साहाय्याने तिच्यात भरलेली बॅटरी बसवीत. योजना उत्तम होती. परंतु गाडीचे वजन सुमारे दोन टन. त्या भाराखाली रबरी टायर लवकर झिजत, आणि रस्त्याच्या धक्क्यांनी बॅटरीचे पत्रे खिळखिळे होत. विजेचे बिल कंपनीस जड गेले नाही. जड गेली ती बॅटरी व टायर यांची दुरुस्ती. दोन वर्षांत, १८९९ मध्ये, हा धंदा बंद पडला.

न्यूयॉर्कमध्येही १८९७ सालीच अशा गाड्या निघाल्या. तेथील ब्रॉडवेवरील स्थानकात बॅटऱ्यांची अदलाबदल काही मिनिटांत होत असे. प्रारंभीच्या यशाने भांडवलदारांस मोह पडला. ‘इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी’ने निरनिराळ्या शहरांत शाखा उघडून मोठा पसारा मांडला, पण बॅटऱ्यांची निगा राखणारी शिकलेली माणसे त्या प्रमाणात उभी केली नाहीत. १९०७ मध्ये तिचे दिवाळे निघाले.

योगायोग असा की, त्याच वर्षी, ७ मे १९०७ रोजी, मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. ती ३१ मार्च १९६४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तावन्न वर्षे, शहराच्या सेवेत राहिली. न्यूयॉर्कला जी वीज परवडली नाही ती मुंबईस कशी परवडली? भेद विजेत नव्हता. ट्रामला वीज डोक्यावरील तारेतून मिळे. ती बरोबर वाहून नेण्याची गरजच नव्हती. विजेच्या वाहनाची खरी अडचण वीज नसून विजेचे गाठोडे, म्हणजे बॅटरी होय, हे या एका तुलनेवरून स्पष्ट होते.

ती अडचण अंकांनी सांगता येते. एक किलोग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. शिशाच्या एक किलोग्रॅम बॅटरीत युनिटचा तिसावा हिस्सा मावणेही कठीण. पेट्रोलच्या इंजिनात तीन चतुर्थांशांच्या आसपास ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि विजेच्या यंत्रात फारच थोडी, हे खरे. तथापि ही सारी वजावट करूनही पेट्रोलचे पारडे कितीतरी जड राहते.

त्यातच काळाने पेट्रोलला हात दिला. १९०१ च्या जानेवारीत टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड झरा फुटला. १९०८ मध्ये हेन्री फोर्डने आपली ‘मॉडेल टी’ बाजारात आणली, आणि १९१३ पासून सरकत्या साखळीवर गाड्या जुळविण्याची पद्धत सुरू करून तिची किंमत उतरवीत नेली. १९१२ च्या सुमारास विजेची साधी गाडी १,७५० डॉलरांस पडे, तर पेट्रोलची ६५० डॉलरांस मिळे. त्याच साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा ‘स्टार्टर’ आला आणि दांडा फिरविण्याचे संकट टळले. एक लहानशी बॅटरी व एक लहानसे विद्युत्‌यंत्र यांनीच विजेच्या मोटारीचा उरलासुरला मोठेपणा हिरावून घेतला! शिवाय पेट्रोल डब्यांत भरून खेड्यातील दुकानातही ठेवता येई. वीज मात्र तारांवाचून जात नव्हती, आणि १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दर दहा शेतकऱ्यांपैकी नऊ जणांच्या घरी ती पोहोचलेली नव्हती.

येथे ही कथा संपली असे सामान्यतः मानतात. पण तिचा अधिक उपयुक्त भाग पुढेच आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने एक वेगळाच हिशेब मांडला. व्यापाऱ्याने मालाची विजेची गाडी बॅटरीवाचून विकत घ्यावी. बॅटरी कंपनीच्या मालकीची राहील. तिची निगा, दुरुस्ती व अदलाबदल कंपनी करील. व्यापाऱ्याने दरमहा ठराविक आकार आणि जितके मैल गाडी धावेल तितक्या मैलांचे पैसे द्यावेत. बॅटरी बिघडण्याची धास्ती अशा रीतीने वापरणाराच्या डोक्यावरून उतरून जाणकाराच्या डोक्यावर गेली. १९२४ पर्यंत ही योजना चालली, आणि तीतील गाड्या एकंदर साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. लंडनमध्ये बुडालेली कल्पनाच हार्टफर्डमध्ये तरली. कारण तेथे खर्च कोणी सोसावयाचा हे आधी ठरले होते.

दुसरा धडा इंग्लंडमधील गवळ्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे पहाटे घरोघर दूध पोहोचविणाऱ्या विजेच्या गाड्या हजारोंनी धावू लागल्या. रोजचा मार्ग ठरलेला, अंतर थोडे, दर चार पावलांवर थांबणे. वेग कमी असला तरी बिघडत नसे. पेट्रोलचे इंजिन अशा कामात उभ्या उभ्या तेल जाळते. विजेची गाडी थांबली की तिचा खर्चही थांबतो. लोकांची झोपमोड होत नसे, आणि रात्री विजेचा दर स्वस्त असताना आगारात बॅटरी भरून निघे. पुढे लोक दुकानातून दूध आणून शीतकपाटात ठेवू लागले तेव्हा या गाड्या कमी झाल्या. त्यांस पेट्रोलने हरविले नाही. घरपोच दुधाची चालच मागे पडली.

तिसरा धडा सावधगिरीचा आहे. युद्धानंतर जपानमध्ये पेट्रोलचा दुष्काळ होता. १९४७ साली तेथे ‘तामा’ नावाची विजेची मोटार निघाली. एका भरणीत ती सुमारे ६५ किलोमीटर जाई, आणि तिच्या बॅटऱ्या पेटीसारख्या ओढून बदलता येत. भाड्याच्या गाड्या म्हणून तिला चांगली मागणी होती. परंतु १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, शिशाचे भाव कडाडले, पेट्रोलही पुन्हा मिळू लागले, आणि ‘तामा’चा पाया ढासळला. तेलाची पराधीनता सोडून धातूची पराधीनता पत्करली तर ती मोफत नसते, हे त्या गाडीने दाखवून दिले. लिथियमच्या या युगात ते विसरून चालणार नाही.

आज परिस्थिती पालटली आहे हे निःसंशय. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. तीत शिशाच्या बॅटरीच्या पाच-सहा पट वीज त्याच वजनात मावते. तिच्या जनकांपैकी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१० च्या सुमारास एक युनिट वीज साठविणाऱ्या बॅटरीस हजार डॉलरांहून अधिक खर्च येई; २०२४ मध्ये तो सरासरीने ११५ डॉलरांच्या आसपास उतरला. भारत सरकारने २०२० च्या ऑगस्टमध्ये बॅटरीवाचून विजेच्या गाड्यांची विक्री व नोंदणी करण्यास मुभा दिली. हार्टफर्डच्या व्यापाऱ्यास ही कल्पना ओळखीची वाटली असती.

तथापि बॅटरी सुधारली म्हणून जमाखर्च मांडण्याचे श्रम चुकत नाहीत. गाडीचा नित्याचा मार्ग किती लांब आहे, ती रात्री कोठे उभी राहते व तेथे वीज आहे काय, आणि बॅटरी थकल्यावर तिचा भार कोण उचलणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी समाधानकारक आहेत त्यास विजेची गाडी आजही लाभते. हार्टफर्डच्या व्यापाऱ्यास व इंग्लंडच्या गवळ्यास ती तशीच लाभली होती. रोज ठरलेल्या मार्गाने जाऊन रात्री आगारात परतणारी बस, टपालाची गाडी, शहरात कामावर जाणाऱ्याची दुचाकी, यांची उत्तरे बहुधा सरळ येतात. चाळीत वा इमारतीत वाहनतळावर वीज नसलेल्या कुटुंबास, किंवा वारंवार दूरच्या गावी जाणाऱ्यास ती कठीण जातात. आणि त्यांच्यासाठी इमारतीच्या सभेने, नगरपालिकेने व वीज मंडळाने आधी तारा ओढावयास हव्यात. १९०७ मध्ये मुंबईची ट्राम चालली, कारण गाडी येण्यापूर्वी तार आली होती.