अशोकाने ‘समाज’ का बंद केला? जलसा, डीजे आणि धम्मचक्र

एप्रिल आला की वस्त्यावस्त्यांत एक वाद ठरलेला. जयंतीला डीजे लावायचा की नाही? एक गट म्हणतो, आमच्या पोरांनी वर्षातून एकदा नाचायचेही नाही का? दुसरा म्हणतो, बाबासाहेबांनी नाचायला सांगितले होते का? दोघांनाही हा वाद नवा वाटतो. आम्हाला तो नवा वाटत नाही. ज्या राजाच्या नावाने ओळखले जाणारे चक्र आपण मिरवणुकीच्या ट्रकवर लावतो, त्या राजाने याच विषयावर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात दगडावर हुकूम कोरून ठेवला आहे.

अशोकाचा पहिला शिलालेख यज्ञातील पशुहत्येला बंदी घालतो, एवढे आपल्या व्याख्यात्यांना पाठ असते. त्याच्याच पुढचे वाक्य मात्र कुणी सांगत नाही. तिथे राजा म्हणतो की ‘समाज’ भरवू नयेत, त्यांत फार दोष दिसतात. इथे समाज म्हणजे आजचा समाज नव्हे. लोकांनी जमून केलेला जलसा, जत्रा, नाचगाणे, कुस्त्या, प्राण्यांच्या झुंजी, मांस-मद्याची रेलचेल, असा तो प्रकार. पण राजा तिथेच थांबत नाही. काही समाज आपल्याला चांगले वाटतात, असेही तो लगेच जोडतो. चौथ्या शिलालेखात तर तो अभिमानाने सांगतो की भेरीचा आवाज आता धम्माचा आवाज झाला आहे, आणि लोकांना विमाने, हत्ती, अग्नीचे देखावे दाखवले जात आहेत. म्हणजे त्याने खेळ मोडला नाही. खेळातून काय दाखवायचे, ते बदलले.

हे काही फक्त मगधातले प्रकरण नाही. आपल्या नालासोपाऱ्याला, म्हणजे प्राचीन शूर्पारकाला, अशोकाच्या लेखांचे दोन तुकडे मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. नवव्याचा मिळाला 1956 मध्ये, नेमका धर्मांतराच्या वर्षी. आठवा लेख सांगतो की पूर्वीचे राजे शिकार-मौजेच्या विहारयात्रा काढत, अशोक बोधगयेला गेला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केली. नववा लेख लग्न, बाळंतपण, आजारपण, प्रवास या निमित्ताने होणाऱ्या विधींना क्षुल्लक म्हणतो आणि दास-नोकरांशी नीट वागणे हाच खरा मंगलविधी ठरवतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उरलेले हे दोन तुकडे, एक करमणुकीवर आणि एक कर्मकांडावर! 22 प्रतिज्ञा घेतलेल्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आता चक्राकडे येऊ. चक्र मुळात बौद्धांचेच होते असा दावा आम्ही करत नाही, करूही नये. चक्रवर्ती राजाचे चक्ररत्न ही कल्पना सत्तेची आहे; ज्याचा रथ अडत नाही तो चक्रवर्ती. जैनांकडेही धर्मचक्र आहे. बुद्धाने सारनाथला पाच भिक्खूंना पहिले प्रवचन दिले, आणि परंपरेने त्याला धम्मचक्र फिरवणे म्हटले. राजसत्तेचे चिन्ह एका बोलण्याला, एका युक्तिवादाला दिले गेले. क्रांती इथे आहे. सांची-भारहुतच्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही, तिथे चक्र आहे. कार्ल्याच्या चैत्यासमोर सिंहस्तंभ उभा आहे, महारठी अग्निमित्रणकाचे ते दान. एकवीरेला जाणाऱ्यांपैकी किती जण तो थांबून पाहतात?

जून 1947 मध्ये राष्ट्रध्वजासाठी जी समिती नेमली गेली तिच्यात बाबासाहेब होते. 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने ध्वज स्वीकारला. चरखा गेला, सारनाथच्या स्तंभावरचे 24 आऱ्यांचे चक्र आले. त्याला सुदर्शनचक्र ठरवण्याचा उद्योग अधूनमधून चालतो. पण ठराव मांडताना नेहरूंनी अशोकाचे नाव घेतले होते. (व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 24 आऱ्यांच्या 24 गुणांची यादीही बाजूला ठेवा. अशोकाने तसे कुठे कोरलेले नाही.)

आणि आपला जलसा? तमाशाचा साचा गण, गौळण, बतावणी, लावणी, वग असा. सत्यशोधकांनी तो उचलला आणि आतला माल बदलला. महाड आणि काळाराम सत्याग्रहाच्या काळात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तो आणखी पुढे नेला. शाळा, दारू, मंदिर, पाणवठा हे वगाचे विषय झाले. ढोलकी, तुणतुणे, झांज, एखादी पेटी आणि गॅसबत्ती, बस्स. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या आईला ‘बहिष्कृत भारता’तला मुद्दा चाळीच्या अंगणात बसून कळे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारल्याची हकिगत चळवळीत सांगितली जाते. ती सांगून लोक बाबासाहेब कलेच्या विरोधात होते असे सुचवतात. मग कर्डकांचे जलसे सभेच्या आधी कसे चालत? आपल्या बायकांना नाचवून मिळणारा पैसा नको आणि आपल्या माणसांना जागे करणारे गाणे हवे, यात विसंगती कुठे आहे? अशोकानेही एका लेखात दोन प्रकारचे समाज वेगळे केलेच होते.

1956 नंतर गायन पार्ट्या आल्या, वामनदादा कर्डक गावोगाव फिरले. रात्रभर सामने चालत, समोरच्या पार्टीला गाण्यातूनच सवाल टाकत, जबाब देता आला नाही तर लोक हसत. त्या गाण्यांतून बुद्धाचे चरित्र, नागपूरची दीक्षा, घटना या गोष्टी निरक्षर म्हाताऱ्यांना तोंडपाठ झाल्या. डीजेपुढे सवाल टाकता येत नाही. आमचा आक्षेप आवाजाला कमी आणि याला जास्त आहे. एलईडीवर चक्र गरगर फिरते आणि खाली उभ्या पोराला ते कशाचे, हे सांगायला मंचावर माणूस नसतो.

म्हणून यंदा मंडळांच्या बैठकीत एक रात्र मागून घ्या. 13 एप्रिलची, चौकातली, लहान मंचावरची. वस्तीतल्या जुन्या गायकांच्या घरी जा. त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांत गाण्यांच्या वह्या आहेत, काहींना वाळवी लागली आहे. वही मागू नका, तिथेच बसून मोबाईलवर पानांचे फोटो काढा आणि चाल कशी होती ते म्हणायला लावून रेकॉर्ड करा.