आत्तीचा हात

आमच्या घरात आत्तीच्या उजव्या हाताबद्दल कुणी बोलत नसे. मला कळायला लागलं तेव्हापासून तो हात डाव्याच्या दीडपट जाड होता. सणाला कासार आला की आत्ती उजवा हात पदराखाली घ्यायची आणि डाव्या हातातच बांगड्या भरून घ्यायची. झंपराची उजवी बाही ती वेगळ्या मापानं बेतायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘वात धरलाय गं.’ तिचं छातीचं ऑपरेशन १९७१ साली झालं होतं, हे मला माझ्या स्वतःच्या ऑपरेशननंतर, २०१८ साली, आईकडून कळलं. सत्तेचाळीस वर्षं कॅन्सर हा शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. आत्ती जाऊनही तेव्हा तीस वर्षं होत आली होती.

मला काखेतली नळी आणि तिची बाटली घेऊन घरी पाठवलं, तेव्हा सोबत व्यायामाचा एक कागद दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी एकेक करून वर चढवायची. रोज कालच्यापेक्षा थोडं वर. जाऊबाई पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारायच्या. तिसऱ्या आठवड्यात माझा हात फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत पोचला. आणि आत्तीचा हात कधी खांद्याच्या वर गेलेला मी बघितला नव्हता. एकाच घरातल्या दोघी, एकच दुखणं, आणि हात असे वेगळे का? केमोच्या महिन्यांत मला वाचायला भरपूर वेळ होता. त्या वाचनातून जे हाती आलं ते इथं सांगते.

आत्तीच्या हाताची गोष्ट अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सुरू होते. विल्यम हॉल्स्टेड हा तिथल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचा सर्जन. १८९४ साली त्यानं आपल्या पन्नास रुग्णांची हकीकत छापली. त्याचा विचार असा, की कॅन्सर गाठीपासून हळूहळू, शेजारच्या घरातून शेजारच्या घरात जावा तसा, सलग पसरतो. म्हणून जितकं लांबपर्यंत कापाल तितकी बाई वाचेल. त्यानं स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, आणि छातीचे स्नायूही काढले. त्याच जागी गाठ परत उगवण्याचं प्रमाण फार कमी झालं, आणि मग जगभर हीच रीत पडली. छाती फासळ्यांपर्यंत खोल जायची आणि हात वर जायचा नाही. काखेतून लसद्रव वाहून नेणाऱ्या वाटाच तोडल्यावर तो द्रव हातात साठत राहायचा. आत्तीचा ‘वात’ म्हणजे हा साठलेला द्रव. (ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे वापरायची चालही बरीचशी याच हॉल्स्टेडमुळे पडली. त्याच्या नर्सचे हात औषधाच्या पाण्यानं सोलले जायचे, म्हणून त्यानं ते बनवून घेतले. पुढं तिच्याशीच लग्न केलं. एका बाईच्या हातांची एवढी काळजी करणारा माणूस हा, हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.)

पण हॉल्स्टेडला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. त्याच्या आधी काय होतं? फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकार. तिचं ऑपरेशन ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये झालं, भूल न देता. सर्जन होता नेपोलियनच्या सैन्यातला लारे. तोंडावर एक तलम रुमाल टाकलेला, त्यातून तिला सुरीची चमक दिसत होती. हे तिनं पुढं कित्येक महिन्यांनी बहिणीला पत्रातून कळवलं. आपल्या ऑपरेशनची इतकी तपशीलवार हकीकत स्वतः लिहून ठेवणाऱ्या बायका त्या काळात विरळाच. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षं जगली.

त्याच्या सात वर्षं आधी, १८०४ साली, जपानात हानाओका सेइशू नावाच्या वैद्यानं साठ वर्षांच्या एका बाईच्या स्तनातली गाठ तिला पूर्ण झोपवून काढली होती. युरोप-अमेरिकेत ईथरची भूल आली ती १८४६ साली, म्हणजे चार दशकांनी. हानाओकाच्या औषधातला मुख्य जिन्नस कोणता, ठाऊक आहे? धोतरा आणि बचनाग. आपल्या कुंपणाकडेला उगवतो तो धोतरा. औषधाचं प्रमाण ठरेपर्यंत त्यानं ते घरच्यांवर वापरून बघितलं, आणि त्यात बायकोची दृष्टी गेली, असं सांगितलं जातं. त्या बायकोवर जपानी लेखिका सावाको आरियोशी हिनं कादंबरी लिहिली आहे.

आता बायकांकडे येऊ. मला या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते ती टेरीझ लासर. न्यूयॉर्कची ही बाई, डॉक्टर नाही, नर्स नाही. १९५२ साली तिचं हॉल्स्टेड पद्धतीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर हात कसा हलवायचा, पदराआड – तिथं पदर नव्हता, झग्याआड म्हणू – काय घालायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, हे तिला सांगायला कुणी नव्हतं. मग ती स्वतःच हॉस्पिटलांत जाऊन ताज्या ऑपरेशनच्या बायकांच्या खाटेशी बसू लागली. सोबत एक पिशवी. तिच्यात रबरी चेंडू, दोरी, आणि चोळीत घालायला तात्पुरता कापडी उभार. चेंडू दाबायचा, दोरी ओढून हात वर न्यायचा. काही हॉस्पिटलांनी तिला बाहेर काढलं, कारण डॉक्टरांच्या परवानगीशिवाय रुग्णाशी बोलणारी ही कोण? १९६९ साली तिचं काम अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं आपल्याकडे घेतलं. ऑपरेशननंतर हात चालवायचा, ही गोष्ट त्या एका पिशवीनं पुष्कळ बायकांपर्यंत नेली.

दुसरी रोझ कुश्नर. ही पत्रकार. त्या काळी रीत अशी, की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर त्याच झोपेत सगळं काढून टाकायचं. बाई जागी झाल्यावर चाचपून बघायची, आहे की गेलं. १९७४ साली स्वतःला गाठ आली तेव्हा रोझ म्हणाली, आधी फक्त तुकडा तपासा, मला उठू द्या, मग माझं मी ठरवीन. असं करायला तयार सर्जन सापडेपर्यंत तिला एकामागून एक नकार ऐकावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांची बायको बेटी फोर्ड हिचं ऑपरेशन झालं आणि ते तिनं लपवलं नाही. १९७९ साली सरकारी तज्ज्ञांची बैठक बसली, तिच्यात डॉक्टर नसलेली एकटी रोझ होती. तपासणी वेगळी आणि ऑपरेशन वेगळं, हे त्या बैठकीनं मान्य केलं. माझ्या गाठीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी घरात सगळ्यांवर चिडले, पण ते दिवस मला मिळाले होते, हेही खरं.

आणि आत्तीचं १९७१ साल? बर्नार्ड फिशर नावाच्या सर्जनला शंका होती, की कॅन्सर शेजाऱ्या-शेजाऱ्यानं पसरत नाही, तो आधीच रक्तातून निघून गेलेला असू शकतो, तेव्हा जास्त कापून उपयोग काय? त्यानं सोळाशेहून जास्त बायकांची चाचणी त्याच १९७१ साली सुरू केली. काहींचं हॉल्स्टेड पद्धतीनं, काहींचं स्नायू राखून. पंचवीस वर्षांचा हिशेब २००२ साली छापून आला. जगण्या-मरण्यात फरक नव्हता. इटलीत मिलान शहरात व्हेरोनेसी यांनी आणखी पुढं जाऊन फक्त गाठीचा भाग काढला, वर रेडिएशन दिलं, ज्याला आपल्याकडे बायका ‘लाईट’ म्हणतात. लहान गाठीत तेवढंही पुरलं. म्हणजे ज्या साली आत्तीचे स्नायू गेले, त्याच साली ते न काढताही भागेल का हा प्रश्न दुसरीकडे विचारला जात होता. तिच्यावर ज्यांनी ऑपरेशन केलं, त्यांनी त्या काळचं सगळ्यात चांगलं ज्ञान वापरलं. मी त्यांना दोष देत नाही. पण हात हलव, एवढंही कुणी सांगितलं नाही, आणि घरानं विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता केमोविषयी. लाल रंगाचं औषध ज्यांनी घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लघवी लाल होते आणि सतराव्या-अठराव्या दिवशी केस उशीवर राहतात. हे औषध मातीतून आलं. इटलीच्या दक्षिणेला एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत लाल रंग तयार करणारे सूक्ष्म जीव सापडले, आणि त्यांच्यापासून हे घडलं. त्याच देशात बोनाडोना यांनी १९७६ साली दाखवलं, की ऑपरेशननंतर तीन औषधं मिळून दिली तर दुखणं परतायचं कमी होतं. आपण ऑपरेशन झाल्यावरही महिनोन्‌महिने सुया घेतो त्या या कारणानं. गाठ गेली तरी न दिसणारं काही उरलेलं असू शकतं.

आपल्या बायकांचा खरा पेच इथं सुरू होतो. प्रोटीन हवं म्हणून आहाराच्या कागदावर पहिल्या ओळीत अंडी. माझी तिसरी केमो नेमकी भाद्रपदात आली, दशलक्षणाच्या तोंडावर. बस्तीत ओळखीच्या बाया विचारायच्या, ‘यंदा उपवास किती?’ मला एकाशन तरी करायचं होतं. जाऊबाई म्हणाल्या, ‘वैनी, आधी माताजींना विचारूया.’ चातुर्मासाला गावात आलेल्या आर्यिका माताजींनी सगळं ऐकलं आणि षोडशकारण भावनांतला एकच शब्द काढला: शक्तितस्तप. तप शक्ती असेल तितकंच. मग जाऊबाईंकडे वळून म्हणाल्या, वैयावृत्त्य हेही तपच आहे, ते ही करतेय. नळीची बाटली रोज मोजून रिकामी करणाऱ्या, उलटीचं तसराळं धरणाऱ्या बाईला तोवर कुणी तप करणारी म्हटलं नव्हतं. जाऊबाई पदरानं डोळे पुसत बाहेर गेल्या.

अंड्याचं मात्र जमणार नव्हतं, आणि ते जमवायची गरजही पडली नाही. मोड आलेले मूग शिजवून, मटकी, पनीर, दही, शेंगदाण्याचा कूट, राजगिऱ्याची खीर. डॉक्टरांना यादी लिहून दाखवली, ते म्हणाले, ‘पुरे आहे, फक्त कच्चं काही नको आणि पाणी उकळून.’ पाणी उकळून गाळून प्यायला आम्हाला कुणी शिकवायला नको होतं! आपल्याकडे हा विचार जुना आहे. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, त्यात मांस, मद्य आणि मध टाळून औषधं सांगितली आहेत. मांसाहाराची गरज कशी नाही, यावर राष्ट्रकूट राजाच्या सभेत त्यांनी केलेलं विवेचन त्याच्या शेवटी येतं. हा ग्रंथ १९४० साली सोलापूरहून हिंदी अर्थासह छापला गेला. कॅन्सरवरचं औषध त्यात शोधायला जाऊ नका. पण रोग्याचा उपचारही व्हावा आणि त्याचा नियमही राहावा, हा खटाटोप हजार वर्षांपूर्वीच्या एका मुनींनी केला होता.

राहिली गोळी. १८९५ साली ग्लासगोच्या बीटसन यांनी वाढलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये बीजकोश काढून बघितले आणि गाठ आटली. ही कल्पना त्यांना गाईंवरून आली होती. बीजकोश काढलेली गाय जास्त दिवस दूध देते, असं काही ठिकाणचे गवळी म्हणत. म्हणजे या दोन अवयवांचं काही नातं असणार. पुढं १९६२ साली इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईनं टॅमॉक्सिफेन तयार केलं, ते मूल होऊ नये म्हणून. त्या कामाला ते निरुपयोगी ठरलं. मँचेस्टरच्या डॉक्टर मेरी कोल यांनी ते स्तनाच्या कॅन्सरवर वापरून १९७१ साली निष्कर्ष छापले. पुन्हा तेच साल, बघा. आज गाठीला हार्मोनची ओढ आहे असं रिपोर्टमध्ये आलं की ही गोळी मिळते, आणि ती स्वस्तही आहे. तिच्यानं अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं जाग येते. तरी मध्येच सोडू नका. काही त्रास असेल, पाळीच्या जागी नको तेव्हा रक्त दिसलं, पायाला सूज आली, तर डॉक्टरांना सांगा, शेजारणीला नव्हे.

आपल्या देशातलंही एक काम सांगायला हवं. परळच्या टाटा हॉस्पिटलनं १९९८ साली मुंबईतल्या दीड लाखाहून जास्त बायका घेऊन अभ्यास सुरू केला. मशीन नाही, फक्त शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासायचं. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या दुखण्यानं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले होते; पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. मी हा आकडा आमच्या महिला मंडळात वाचून दाखवला. दुसऱ्या महिन्यात तेरा जणी तपासून आल्या. एकीला गाठ निघाली, साधी, दुधाची. तिनं पेढे वाटले.

माझी गोळी आधी पाच वर्षांची होती. २०१३ साली मोठ्या अभ्यासातून दहा वर्षं घेतल्यानं आणखी फायदा दिसला, म्हणून डॉक्टरांनी ती पुढं चालू ठेवली. रात्री पाणीसुद्धा नसल्यामुळं मी ती सूर्यास्ताआधी, संध्याकाळच्या जेवणाबरोबर घेते. हिवाळ्यात पावणेसहाला, उन्हाळ्यात साडेसहाला. मोबाईलचा गजर दर पंधरा दिवसांनी नात बदलून देते.