कवायतीतून कोलांटीकडे

कवायतीचे तत्त्व मोठे सोपे आहे. शंभर माणसांनी एका माणसासारखे दिसावे, एकाने पाय उचलला की शंभरांनी उचलावा, आणि ज्याचा पाय चुकेल त्याला हवालदाराने रांगेबाहेर काढावे. उलट ‘फ्रीस्टाइल’ नावाचा जो बर्फावरचा खेळ हल्ली जगभर खेळला जातो, त्यात नेमके इतरांसारखे करणारा मागे पडतो. पायांना स्की म्हणजे लांब फळ्या बांधून उतारावरून सुसाट यायचे, बर्फाच्या उंचवट्यावरून हवेत झेप घ्यायची, तेथे अंगाला पीळ देत दोनतीन कोलांट्या मारायच्या आणि पुन्हा दोन पायांवर उतरायचे. दोन फळ्यांऐवजी एकाच रुंद फळीवर आडवे उभे राहून हेच केले की तो स्नोबोर्ड. ज्याची कोलांटी अधिक अवघड आणि अधिक नेटकी, त्याला गुण अधिक.

असे असूनही सैन्ये या खेळाच्या नादी लागली आहेत. ब्रिटनचे भूदल, नौदल आणि वायुदल आल्प्स पर्वतात आपसांत स्कीच्या आणि स्नोबोर्डच्या स्पर्धा भरवतात. फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया या देशांत तर हिवाळी खेळांतले कितीतरी नामांकित खेळाडू लष्कराच्या पटावर असतात आणि पगारही लष्कराचाच घेतात. शिस्तीवर जगणाऱ्या संस्थेला हा स्वैर खेळ मानवला कसा, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले, की प्रश्नच उलटा विचारायला हवा. बर्फावरची शर्यत सैन्याकडे बाहेरून आलेली नाही. ती सैन्यातून बाहेर गेली, दीडदोनशे वर्षे गाव फिरली आणि कोलांटी मारायला शिकून घरी परतली.

ही कथा सुरू होते नॉर्वेत. तो देश त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखाली होता आणि शेजारच्या स्वीडनशी त्याचे हाडवैर होते. १७१८ साली स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स नॉर्वेवर चालून गेला आणि एका किल्ल्याच्या वेढ्यात डोक्यात गोळी लागून ठार झाला. त्याचा सेनापती आर्मफेल्ट तेव्हा उत्तरेकडे दुसरी फौज घेऊन बसला होता. राजा पडल्याची बातमी येताच त्याने डोंगर ओलांडून मायदेशी परतायचे ठरवले. १७१९ चे नवे वर्ष उजाडत असतानाच हिमवादळाने त्या फौजेला गाठले. ऊब मिळावी म्हणून शिपायांनी बंदुकांचे लाकडी दस्तेसुद्धा जाळले. डोंगरावर आणि नंतर त्याच्या परिणामाने मिळून सुमारे तीन हजार माणसे गेली. पानिपतासारखी मोठी लढाई होऊन पडलेली ही माणसे नव्हेत. त्यांना मारले ते थंडीने.

शेजाऱ्याच्या घराला आग लागली की शहाणा माणूस आपल्या घरात पाण्याचे हंडे भरून ठेवतो. बर्फात जो चपळ, त्याचाच देश राहणार, हे नॉर्वेतल्या लष्करी अंमलदारांना नव्याने सांगायला नको होते. १७३३ साली कॅप्टन येन्स एमाहुसेन याने स्कीवरच्या कवायतीचे पुस्तक तयार केले, आणि शतकाच्या मध्यास स्कीवरच्या शिपायांच्या खास तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पायांतल्या फळ्याही मजेदार असत. एक लांब आणि दुसरी आखूड. लांब फळीवर घसरायचे. आखूड फळीच्या तळाला जनावराचे कातडे लावलेले, तिने बर्फ मागे रेटायचे. हातात काठी एकच.

आता कवायत पुस्तकात लिहिता येते, पण स्की पुस्तकाने येत नाही. उतारावर शिपाई एकटा असतो. झाड समोर आले की डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि हुकमाची वाट पाहत बसणारा झाडावरच आदळतो. म्हणजे येथे हुकूम देऊन काम भागत नाही. माणसाला स्वतःहून शिकावेसे वाटले पाहिजे. ही अडचण १७६७ साली लेफ्टनंट जनरल रांत्साऊ या सेनानीने ओळखली आणि फार साधा तोडगा काढला. त्याने रोख बक्षिसे लावली. आपल्याकडे तेव्हा पुण्याच्या मसनदीवर थोरले माधवराव पेशवे होते.

त्या स्पर्धेचे चार प्रकार होते. पहिला, बेताच्या उतारावरून घसरत येताना चाळीस-पन्नास पावलांवरच्या निशाणाला गोळी मारणे. दुसरा, झाडाझुडपांतून न पडता आणि फळ्या न मोडता खाली येणे. तिसरा, मोठा डोंगरउतार काठीचा आधार न घेता उतरणे. चौथा, सगळा लष्करी सरंजाम अंगावर आणि बंदूक खांद्यावर घेऊन सपाटीवर सुमारे तीन किलोमीटर पळणे. वाचकांनी हे चार प्रकार पुन्हा एकदा पाहावेत. आजच्या हिवाळी ऑलिंपिकमधली बायाथलॉन, स्लालम, डाउनहिल आणि क्रॉस-कंट्री ही चारही नावे त्यात अंग चोरून बसलेली दिसतील.

मला स्वतःला यातला तिसरा नियम सर्वांत आवडतो. नवखा माणूस उतारावर घाबरला की काठी दोन पायांत घेऊन तिच्यावर बसल्यासारखा भार टाकतो. काठीचा घोडा करणारे पोर जसे दिसते तसा तो दिसतो, आणि त्याचा वेग मोडतो. रांत्साऊने नेमकी हीच पळवाट बंद केली. भीती वाटू नये असा हुकूम कोणत्याही सेनापतीला काढता येत नाही, परंतु भीती लपवण्याचे साधन काढून घेता येते. स्पर्धेचे नियम करणारा माणूस शिपायांमध्ये राहिलेला असला पाहिजे, हे त्या एका ओळीवरून समजते.

मात्र या चारांत उडी कोठेच नव्हती. उडीचा लष्कराला उपयोग काय? हवेत गेलेल्या शिपायाला बंदूक चालवता येत नाही आणि खाली पडला तर फळी मोडते. तरीही १८०८ साली ओलाफ र्‍ये नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने आपल्या शिपायांच्या डोळ्यांदेखत स्कीवरून झेप घेतली आणि साडेनऊ मीटर अंतर हवेतून कापले. नोंद झालेली स्कीवरची पहिली उडी ती हीच. त्याला ती कोणी सांगितली नव्हती आणि कोणत्याही पुस्तकात ती बसत नव्हती. हाच र्‍ये पुढे डेन्मार्कच्या सैन्यात जनरल झाला आणि १८४९ साली फ्रेडेरित्सियाच्या लढाईत पडला. त्याच्या लढाया डेन्मार्कबाहेर कोण आठवतो? त्याची ती निरुपयोगी उडी मात्र अजून आठवली जाते.

१८२६ साली नॉर्वेच्या स्कीवरच्या तुकड्या मोडल्या. स्वीडनशी आता एक राजा, एक छत्र झाले होते. शत्रूच उरला नाही तेव्हा खर्च कशाला, असा हिशेब. लष्कराने टाकलेला हा वारसा खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी उचलला. टेलेमार्क भागातला सोंद्रे नूर्हाइम हा गरीब कूळ त्यांतलाच. त्याने वेताप्रमाणे पिळलेल्या लवचिक फांद्यांनी टाच फळीला जखडली, त्यामुळे उडी मारली तरी फळी पायातून निसटेना आणि उतारावर वळणेही घेता येऊ लागली. १८६८ साली, चाळिशी उलटल्यावर, तो राजधानीच्या स्पर्धेत आला आणि तरुणांना मागे टाकून पहिला आला. ‘स्लालम’ हा शब्द त्याच्याच गावाकडचा आहे.

मधल्या काळातली एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. ऑस्ट्रियात माथियास झ्दार्स्की नावाचे स्कीचे एक पट्टीचे गुरू होते. त्यांची पद्धत एका काठीची. गेओर्ग बिल्गेरी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दोन काठ्यांची पद्धत शिकवायला सुरुवात केली. वाद इतका चढला की गोष्ट द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेली! युद्ध टळले, हे बरे झाले. नाहीतर एका काठीपायी एक माणूस गेला असता. आज सारे जग दोन काठ्यांनी स्की करते. पण पहिल्या महायुद्धात झ्दार्स्की लष्कराला हिमप्रपातांविषयी सल्ला देत होते, तेव्हा १९१६ साली ते स्वतःच एका हिमप्रपातात गाडले गेले. अंगातली हाडे आणि सांधे मिळून ऐंशी ठिकाणी मोडतोड झाली. तरी ते जगले आणि पुढे पुन्हा स्कीवर उभे राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मार्मोलादा डोंगराखाली ऑस्ट्रियन सैनिकांच्या बराकींवर बर्फ कोसळला आणि शेकडो जण एका सकाळी नाहीसे झाले.

१९२४ साली शामोनीच्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये लष्करी गस्तीची शर्यत होती. सहा देशांची पथके उतरली, दोघांनी शर्यत अर्ध्यातून सोडली आणि स्वित्झर्लंडचे पथक जिंकले. ही शर्यत पुढे नुसती प्रदर्शनापुरती उरली. १९४८ नंतर तीही गेली आणि १९६० साली तिची मुलगी, म्हणजे बायाथलॉन, नागरी पोशाखात ऑलिंपिकमध्ये आली.

अमेरिकेत कथा आणखी वळण घेते. दुसऱ्या महायुद्धात कोलोरॅडो राज्यातल्या कॅम्प हेल येथे, नऊ हजार फुटांवर, पर्वतीय लढाईसाठी दहावी डिव्हिजन तयार झाली. भरतीसाठी शिफारसपत्रे मागवणारे हे बहुधा दुर्मीळ सैन्य असावे. इटलीत लढून परतलेल्या या शिपायांनी युद्धानंतर आपल्या देशात बर्फावरची क्रीडास्थाने उभारली. व्हेल हे त्यांतले प्रसिद्ध स्थान १९६२ साली सुरू झाले. पुढच्या पिढीतल्या पोरांनी याच उतारांवर कोलांट्या मारायला सुरुवात केली. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडून दिल्या; स्नोबोर्डचा हा आजोबा. १९९२ साली फ्रीस्टाइलला आणि १९९८ साली स्नोबोर्डला ऑलिंपिक पदकाचा मान मिळाला.

अशी स्पर्धा भरवायची तर तयारी कशी करतात, हे पाहिले की सैन्याला ती का मानवली ते कळते. नवी कोलांटी कोणी थेट बर्फावर करत नाही. आधी उड्या मारायच्या जाळीवर, मग उन्हाळ्यात उंच घसरपट्टीवरून तळ्यात. पायात स्की, अंगात जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण, आणि खाली पाणी. पाण्यात शेकडो वेळा नीट जमल्यावरच बर्फाची परवानगी. बर्फावर उडीचा उंचवटा मोजून रचतात, आणि उतरण्याची जागा टणक झाली की फावडी घेऊन माणसे ती फोडतात, भुसभुशीत करतात. स्पर्धेपूर्वी एकजण चाचणी म्हणून खाली येतो, त्यावरून कोठून सुटायचे ते ठरते. वारा फिरला की पंच थांबवतात. हवेतला वेळ तो किती? सुमारे तीन सेकंद. त्या तीन सेकंदांच्या मोकळेपणासाठी वर्षभराची कवायत! रांत्साऊला यातली कोलांटी कळली नसती. बाकी सारे कळले असते.

आपल्या देशात याची सुरुवात युद्धाच्या धामधुमीतच झाली. काश्मीरचे युद्ध अजून संपायचे होते, तेव्हा १९४८ च्या डिसेंबरात जनरल थिमय्या यांनी गुलमर्ग येथे आपल्या एकोणिसाव्या डिव्हिजनसाठी स्कीची शाळा काढली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी झोजी ला खिंडीत, अकरा हजार फुटांवर, रणगाडे चढवले होते. बर्फ म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. या शाळेचेच पुढे हाय आल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाले. सपाट मुलखातून आलेला, बर्फ केवळ चित्रात पाहिलेला जवान येथे पहिल्यांदा फळ्या बांधतो आणि पहिल्या दिवशी बहुतेक वेळ पाठीवर असतो. पडायचे कसे, हा तेथला पहिला धडा. गुडघा वाचवून कुशीवर पडावे आणि काठ्या अंगाखाली येऊ देऊ नयेत.

८ फेब्रुवारी २०१० रोजी या शाळेचे जवान गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे प्रशिक्षणासाठी गेले असता वरून हिमप्रपात आला. सतरा जवान गेले. गाडल्या गेलेल्या इतर अनेकांना सोबत्यांनी उकरून वर काढले. तेथे शत्रू नव्हता आणि स्पर्धाही नव्हती. शिकण्याचा एक दिवस होता.

गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी खेळ भरू लागले, त्यांत स्की आहे आणि स्नोबोर्डही आहे. लष्कराचे चमू राज्यांच्या चमूंबरोबर त्याच उतारांवर उतरतात. अशा मुलखात स्पर्धक वर चढण्याआधी कोणीतरी जाणता माणूस जाऊन बर्फात छातीइतका खड्डा खणतो आणि बोटांनी थर चाचपतो. कालचा मऊ थर, त्याखाली परवाचा कडक, आणि मध्ये साखरेसारखा दाणेदार भुगा दिसला की तो उतार त्या दिवशी बंद. मग गुण, पदके, पाहुणे आणि वाद्यवृंद सगळ्यांनी थांबायचे.