पदवीआडचा ठोंबरे

इ. स. १९०७ साली जळगावास महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. मंडळींत रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखे मुरलेले कवी होते. त्या मेळ्यात सतराएक वर्षांचे एक पोर उठले आणि त्याने आपली कविता म्हटली. थोरामोठ्यांनी माना डोलावल्या, कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि तेव्हापासून त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव मागे पडले ते पडलेच. आज ठोंबरे म्हटले तर ऐकणारा क्षणभर थबकतो. बालकवी म्हटले की आजीपासून नातवापर्यंत सर्वांचे चेहरे फुलतात.

पदवी देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. त्यांस बोल लावण्याचे कारण नाही. तथापि पदवीची एक गंमत आहे. ती दिली जाते एकदा, वागवावी लागते रोज. दिवाळीला हौसेने शिवलेला जरीचा अंगरखा पोराने वर्षभर, अगदी शेतात जातानाही, अंगावर ठेवावा, तसे ते होऊन बसते. अंगरखा सगळ्यांना दिसतो. आतल्या पोराला ताप भरला आहे की काय, हे पाहायला कोणी हात लावीत नाही.

हे पोर होते खानदेशचे. १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावी जन्म. वडील पोलीसखात्यात, म्हणून आज या गावी तर उद्या त्या गावी असे बिऱ्हाड. शाळा बदलत गेल्या, अभ्यासाची घडी कधी नीट बसली नाही. मात्र नवापूरकडच्या रानाने काय शिकवायचे ते शिकविले, आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास मुलगा कविता करू लागला. बाकीचे चरित्र कोणत्याही शालेय पुस्तकात मिळेल.

शालेय पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या नरसिंहपुरात, नीरा-भीमेच्या संगमावर, श्रावणात पाणी चढू लागले की मुले ‘श्रावणमास’ म्हणतात. ‘आनंदी आनंद गडे’ न म्हणता स्नेहसंमेलन पार पडल्याचे मला आठवत नाही. ‘फुलराणी’ आणि ‘औदुंबर’ या तर घरच्याच कविता. परंतु याच लेखणीतून ‘पारवा’ उतरला, ‘खेड्यातील रात्र’ उतरली, ‘उदासीनता’ उतरली. या कविता आपण थोरांच्या कपाटात ठेवून दिल्या आहेत. मनावर दाटलेल्या उदासीचा उगम आपल्याला स्वतःलाच सापडत नाही, हा ‘उदासीनता’चा विषय. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर ते केवळ काव्य नव्हे, अचूक वर्णन आहे. उदास मुलाला घरची माणसे पहिला प्रश्न हाच करतात: “तुला कमी काय आहे? मग तोंड का पाडून बसतोस?” मुलाजवळ उत्तर नसते. उत्तर नाही म्हणजे दुखणेही नाही, असे आपण ठरवून मोकळे होतो.

आपल्याकडे आणखी एक लाडका समज आहे. बुद्धी आणि दुःख ही जुळी भावंडे, कलावंत म्हटला की तो झुरायचाच! कादंबऱ्या लिहिणारे आम्ही लोक तर या समजावर पोटे भरतो. पण तो खोटा आहे. तल्लख मुले इतर मुलांहून अधिक उदास असतात, असे मानसशास्त्राच्या अभ्यासातून काही सिद्ध झालेले नाही. होते एवढेच, की त्यांची उदासी उशिरा ध्यानात येते. मठ्ठ मुलाचे गुण घसरले की गुरुजी विचारपूस करतात. हुशार मुलगा आतून विझत आला तरी जुन्या सवयीच्या जोरावर पहिला नंबर राखून असतो, आणि पहिल्या नंबराची विचारपूस कोण करतो?

याचा सर्वांत स्वच्छ दाखला विलायतेतला आहे, पण तो माणूस आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीचा. जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ उशाशी घेतले, तोच. १८०६ साली जन्मलेल्या या मुलाला बापाने तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतले, आठव्या वर्षी लॅटिन. शाळा नाही, सोबती नाहीत, खेळ नाही. विसाव्या वर्षी, १८२६च्या शरद ऋतूत, त्याने स्वतःला विचारले: जगात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून तू धडपडतोस त्या सगळ्या आज झाल्या, तर तुला आनंद होईल काय? आतून उत्तर आले, नाही. तेथून काही महिने तो अंधारात चाचपडत होता. कामे चालू होती, पण यंत्रासारखी. बापाला सांगावे, तर ज्याने ही सारी घडण केली त्याला ती फसली असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? त्याने सांगितले नाही. एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, बाप वारल्यावर लहान मुलगा घराचा भार उचलायला पुढे होतो हा भाग आला, आणि मिलच्या डोळ्यांतून पाणी आले. आपण दगड झालो नाही, हे त्या पाण्याने त्याला कळले. पुढे दोन वर्षांनी वर्ड्‌स्वर्थची निसर्गकविता हाती आली आणि तिने त्याला बराच हात दिला. ही हकीगत त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली, आणि ते त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७३ साली, बाहेर आले. म्हणजे बापाला ती कधीच कळली नाही.

आमच्या गावी ही गोष्ट चटकन समजते. प्रल्हादाने वाळूची मूर्ती करून येथे पूजा मांडली, अशी आमच्या देवळाची कथा. त्या प्रल्हादालाही शंड आणि अमर्क असे दोन गुरू नेमले होते. त्यांनी पोराच्या प्रगतीचा पाढा बापापुढे नेमाने वाचला. बोलायला प्रल्हादाला शेवटी वर्गातली पोरेच सापडली, तीही गुरुजी बाहेर गेले असताना.

ठोंबऱ्यांचे नशीब या बाबतीत मिलहून बरे. टिळकांनी त्यांना अहमदनगरला आपल्या घरी नेले. त्या काळी ब्राह्मणाच्या पोराने ख्रिस्ती घरात राहणे ही साधी गोष्ट नव्हती. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे नवऱ्यावाचून राहिल्या, लोकांचे बोल सोसले, मग पुन्हा संसार मांडला आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. मन मोडणे म्हणजे काय, हे या बाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचे घर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची धर्मशाळाच होती. परक्यांची पोरे त्या घरात आपली होऊन वाढत. त्यांतच हा एक मोठा मुलगा मिसळला.

टिळक कवी, ठोंबरे कवी. दोघांचे गूळपीठ जमले यात नवल नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो लक्ष्मीबाईंचा भाग. पोर जेवले का, रात्री झोपले का, आज रुसले आहे ते कशावरून, याचा हिशेब ठेवणारे कोणीतरी घरात होते, आणि या हिशेबाचा कवितेशी संबंध नव्हता. आज नवी कविता झाली नाही तरी ताटात भाकरी पडणारच, ही खात्री पदवीच्या ओझ्याखालच्या मुलाला किती मोलाची असते, हे ज्यांनी अशी मुले पाहिली आहेत त्यांनाच कळेल. मायेने सारे बरे होते, असे मात्र मी म्हणणार नाही. ठोंबऱ्यांचे लग्न झाले, संसार सुखाचा झाला नाही. पैशाची ओढाताण, गावोगावची वणवण चालूच राहिली. उदासी पुन्हा पुन्हा कवितेत येत राहिली. तिच्यावर घ्यायचे औषधच तेव्हा जगात नव्हते. ते १९५०च्या दशकात निघाले.

आज ते आहे. बोलून मन मोकळे करविणारे शिकलेले समुपदेशक आहेत, मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती बुद्धिमान मुलांसाठीच, आणि तेथे मानसशास्त्राच्या अभ्यासाचाही पाया घातला गेला. १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून फुकट चालते, दिवसरात्र, मराठीतूनही. आमच्या इंदापूर-बारामतीकडचा पहिल्या नंबरचा मुलगा दहावीनंतर लातूरला किंवा पुण्याला खोली घेऊन राहतो तेव्हा त्याच्या पेटीत आई चिवडा, लाडू, घोंगडी सगळे भरते. हा क्रमांकही एका चिठ्ठीवर लिहून घालावा. आणि फोनवर “चाचणीत किती पडले?” हे विचारण्याआधी “झोप लागते का? जेवण जाते का? कोणाशी बोलतोस?” एवढे विचारावे. दोन आठवडे उत्तरे वाकडी आली, आवडीची गोष्टही नकोशी झाली, “माझ्यावाचून काय अडते?” असे शब्द तोंडातून निघाले, तर पुढच्या परीक्षेची वाट न पाहता एस.टी. धरावी आणि मुलाला घेऊन डॉक्टरकडे जावे. मरणाचे बोलणे निघालेच तर दटावू नये, सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते.

५ मे १९१८ रोजी जळगावाजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेच्या अपघाताने ठोंबरे गेले. सत्तावीस वर्षांचे वय. त्यांच्या उदास कवितांकडे बोट दाखवून काहींनी या मृत्यूला निराळा अर्थ लावू पाहिला. मला तो खेळ आवडत नाही. मेलेल्या माणसाच्या कवितेतून त्याचा पंचनामा करू नये. पुढच्या जानेवारीत त्यांचे स्नेही राम गणेश गडकरी गेले, आणि ९ मे १९१९ला टिळकही गेले. वर्षभरात मराठी कवितेचे अंगणच उजाड झाले.

लक्ष्मीबाई मागे राहिल्या. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत हा मुलगा घरच्या पोरांत मिसळलेला भेटतो, आणि बाई त्याला बालकवी म्हणत नाहीत. ठोंबरेच म्हणतात.