वरून माळवद दिसतं, भिंत दिसत नाही

भूकंप झाला की लगेच पेपरात उपग्रहाची दोन चित्रं शेजारी शेजारी येतात, 'आधी' आणि 'नंतर'. ती पाहून तुम्हालाही वाटत असेल, चला, कुठे काय पडलं ते कळलं! माझं संशोधन याच चित्रांवर आहे, म्हणून सांगते, प्रकरण इतकं सरळ नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं, तेव्हा आपले आयआरएस-१ए आणि १बी वर फिरत होते. त्यांच्या त्यातल्या त्यात बारीक कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३६ मीटर. एका ठिपक्यात चार-पाच घरं, गोठा आणि मधली गल्ली, सगळं कालवलेलं. कुणाचं घर पडलं, हे त्यावरून सांगणं शक्यच नव्हतं. पुढे १९९९ मध्ये इकोनॉस गेला, ठिपका १ मीटरवर आला आणि २००१ च्या भुज भूकंपानंतर संशोधक एकेक इमारत पाहू लागले.

पण खरी परीक्षा झाली ती इराणमधल्या बामला. २६ डिसेंबर २००३, पुन्हा पहाटच. कच्च्या विटांचं शहर, २६ हजारांच्या आसपास माणसं गेली. जपानी संशोधकांनी क्विकबर्डच्या चित्रांवर सुमारे १२ हजार इमारती चक्क डोळ्यांनी तपासल्या. पूर्ण कोसळलेल्या ओळखू आल्या. नुसत्या तडकलेल्या कशा दिसणार? वरून तर छप्परच दिसतं.

त्याच वेळी एन्व्हिसॅट हा युरोपीय उपग्रह रडारने बाम पाहत होता. ३ डिसेंबरला एकदा, ७ जानेवारीला पुन्हा. जमीन जशीच्या तशी असेल तर दोन्ही वेळचे प्रतिध्वनी जुळतात; घराचा ढिगारा झाला की जुळत नाहीत. बामचा मध्यभाग असा 'न जुळणारा' निघाला. गंमत म्हणजे खजुराच्या बागाही जुळत नव्हत्या, कारण झाडं वाऱ्याने हलतात! म्हणून भूकंपाच्या आधीच्या दोन चित्रांची तुलनाही हाताशी लागते. बागा त्यातही बिघडलेल्याच दिसतात, घरं नाही. रडारने आणखी एक गोष्ट दाखवली. जमीन सरकली होती ती नकाशावरच्या बाम प्रस्तरभंगावर नव्हे, तर त्याच्या पश्चिमेला, आधी कुणाला माहीत नसलेल्या भेगेवर.

हे सगळं कळलं, पण दुसरं चित्र आलं तेच बारा दिवसांनी. ढिगाऱ्याखालच्यांना त्याचा काय उपयोग?

आता परत किल्लारी. तिथे खणाची घरं होती: लाकडी खांब-तुळया, त्यावर मातीचं जड माळवद, भोवती दगडमातीच्या जाडजूड भिंती. काही घरांत खांबांनी माळवद तोलून धरलं आणि भिंती तेवढ्या आत, झोपलेल्या माणसांवर ढासळल्या. असं घर आजच्या तीस सेंटिमीटरच्या चित्रातही शाबूत दिसेल, आणि मोजणारा त्यावर 'ठीक' अशी खूण करून पुढे जाईल.

इथे रडारचा आधार वाटतो. ते तिरकं पाहतं. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यातून त्याला जोरदार प्रतिध्वनी मिळतो, भिंत पडली की तो मंदावतो. मोकळ्या रस्त्याकडेच्या इमारतींवर हे बरं जमतं. पण आपल्या जुन्या गावांतल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की एकाची भिंत दुसऱ्याच्या आडोशाला जाते. मी सध्या त्याच गल्लीत अडकले आहे.