सोयरिकीतला दबका प्रश्न

अमरावती-अकोल्याकडील घरंदाज मंडळी सोयरीक जुळविताना शेती, कुळी व देण्याघेण्याची चर्चा उघडपणे करीत. परंतु ‘घराण्यात कोणाला वेड तर नव्हते ना’ ही चौकशी मध्यस्थामार्फत आणि दबक्या स्वरातच होई. ज्या वऱ्हाडात ऋद्धपूरचे संत गोविंदप्रभू यांचे वेड तेराव्या शतकात ईश्वरी लीला म्हणून वंद्य मानले गेले, तेथेच पुढे हा शब्द उच्चारण्याचीही चोरी व्हावी, हे विलक्षणच.

1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या अंमलाखाली आले, आणि 1864 साली नागपुरात वेड्यांचे इस्पितळ निघाले. त्या काळच्या सरकारी अहवालांत वेडाच्या कारणांचे तक्ते असत, आणि त्यांत गांजाबरोबर आनुवंशिकतेचीही नोंद होई. कारकुनाने भरलेल्या त्या रकान्याचा आधार बहुधा नातलगांची जबानी एवढाच असणार!

वेड म्हणून गणल्या गेलेल्या विकारांपैकी उन्माद व विषाद ही एकाच व्याधीची दोन रूपे, असे प्रतिपादन जर्मन वैद्य क्रेपेलिनने 1899 साली केले. ही व्याधी वंशात उतरते, हे खरेच. सामान्य जनांत तिचे प्रमाण शेकडा सुमारे 1, तर रुग्णाच्या आईबाप, भावंडे व अपत्यांत 5 ते 10. म्हणजे त्यांतील बहुसंख्य निरोगीच राहतात, कारण दोष एका जनुकाचा नसून अल्पबळाच्या अनेकांचा असतो. तरी कायद्यातही हा प्रश्न उरलाच. हिंदू विवाह कायद्यातील अटींतून फेफऱ्याचा उल्लेख 1999 साली गळाला. वेडाचा मात्र कायम राहिला.